अर्थिंगला पाणी

लातुरात टँकर आला की माणसं घागरी घेऊन धावायची, आणि आमचे शेजारी सोनकांबळे त्याच पाण्यातली एक घागर अंगणातल्या खड्ड्यात ओतायचे. खड्ड्यात झाड नव्हतं. कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरलेली होती, आणि पट्टीची तार खिडकीतून थेट त्यांच्या अॅम्प्लिफायरपर्यंत गेली होती.

जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही दोघं कारकून उस्मानाबादेहून बदलून आलो आणि शेजारी शेजारी खोल्या घेतल्या. दुष्काळही मागोमाग आलाच. सोनकांबळ्यांनी ट्रकमधून आधी अॅम्प्लिफायर उतरवला, मग वहिनींना. भीमगीतं नीट ऐकू यावीत म्हणून हैदराबादेहून जे स्पीकर आणले, ते एवढे थोराड की खोलीत ते राहिले आणि पलंग व्हरांड्यात गेला. त्यातला एक व्होल्टेज चढून जळाला, तेव्हा या गृहस्थानं दिवसभर अन्नाला हात लावला नाही.

एवढं करून गाण्यामागे बारीक ‘घूं’ यायचीच. मला ती कधी ऐकू आली नाही. “यायलीय बघा, कान द्या जरा,” म्हणत ते मला स्पीकरला कान लावायला लावायचे. रेडिओ दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, अर्थिंग कच्चं आहे, जमीन ओली ठेवा. भर दुष्काळात! पण सोनकांबळ्यांना दुखण्यावर औषध सापडल्याचा आनंद झाला.

पाणी भरायच्या वहिनी. रांगेतली भांडणं, उन्हातली पायपीट, सगळं त्यांच्याच वाट्याला. एका रविवारी त्या रांगेत चक्कर येऊन पडल्या. बायकांनी उचलून घरी आणलं, तोंडावर मारायला पाणी मागितलं, तर घरात थेंब नाही. शेवटची घागर सोनकांबळे नुकतीच खड्ड्यात ओतून आले होते. माझी बायको धावत आमच्याकडचं पाणी घेऊन गेली.

शुद्धीवर आल्यावर वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

“भागली का खड्ड्याची तहान?” एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी भावासोबत बिलोलीला माहेरी निघून गेल्या.

मला त्या माणसाचा भयंकर संताप आला. बोलणंच टाकलं मी. मग एका संध्याकाळी न राहवून गेलो. अॅम्प्लिफायर चालू होता, पण गाणं लावलेलं नव्हतं. अंगणातला खड्डा भेगाळला होता, आणि घूं आता मलासुद्धा स्पष्ट ऐकू येत होती.

“आता हे काय ऐकायलात?”

“काय न्हाई. घरात कुणीतरी हाय असं वाटतं. बसा.”

राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, “अहो, मग जा ना बिलोलीला. माफी मागा, येतील वहिनी.”

“ती तर यायला तयार हाय. मेव्हणा सांगून गेला.” सोनकांबळे माझ्याकडे न बघता बोलत होते. “मीच नको म्हणलो. तिथं आडाला पाणी हाय. हितं टँकर येतो ऐन कचेरीच्या टायमाला. मी खुर्चीत बसणार अन् तिला परत उन्हात उभी करू का? लई केलं तिनं. पाऊस पडला की मी स्वतः जातो आणायला.”

त्या साली लातूरला पाऊस झाला नाही.