एक कवळी, दोन तोंडं

माणसाचा भरवसा त्याच्या शब्दावर ठेवू नये, शब्द ज्या दातांतून बाहेर पडतो त्या दातांवर ठेवावा, हे आता सरकारी पातळीवर मान्य झालं आहे. माणूस नाव बदलतो, पक्ष बदलतो. वेल्हे तालुक्याने तर स्वतःचंच नाव बदललं (त्याला दात दाखवायला कोणी सांगितलं नाही). दात मात्र इमानी असतात.

पालीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या सोनबा ढेब्यांना हे शास्त्र नवं नव्हतं. मेंढराचा जबडा उघडून नुसतं बोट फिरवलं तरी ते वय सांगत. त्यामुळे अंगठे झिजून ठसा उमटेनासा झालेल्या माणसांची ओळख पटवायला शाळेत दंतनोंद शिबिर भरलं, तेव्हा आता जबडा उघडायची पाळी आपली आहे एवढंच त्यांनी ओळखलं. शिबिरात एक्क्याण्णव टक्के जबडे समाधानकारक आढळले. (उरलेले नऊ टक्के तंबाखू थुंकायला बाहेर गेले होते.)

अडचण इतकीच, की सोनबा आणि त्यांची बायको धोंडाबाई यांच्यात कवळी एकच. लग्नाच्या जेवणाला पहिल्या पंगतीत धोंडाबाई बसायची, दुसऱ्या पंगतीत सोनबा. मध्ये तांब्याभर पाणी. (जन्मभर एकाच भाकरीवर घडलेल्या हिरड्या, त्यामुळे ती दोघांनाही बसते.) शिबिरातही त्यांनी हाच क्रम पाळला.

महिन्याभराने वेल्ह्याला सुनावणीचं बोलावणं आलं. अधिकारी नूतनबाई मनाने भल्या होत्या, म्हणून त्यांनी नियम हळू आवाजात सांगितला.

"आजोबा, दोघांचे दात एकच येतायत. म्हणजे तुमच्यातलं एक माणूस नाहीच. आज कवळी ज्याच्या तोंडात, तो हयात. दुसरं नाव मयतात जाईल."

"बगा की बाई, दोगंबी तुमच्या म्होरंच बसलोय."

"ते दिसतंय. पण दिसण्याला पुरावा म्हणत नाहीत."

सोनबांनी तोंडातली कवळी काढली, धोतराला पुसली आणि बायकोपुढे धरली. "तू ऱ्हा जिती. मला मेंढरं वळखत्यात."

धोंडाबाईने कवळी हातात घेतली. एवढ्या संसारात नवऱ्याने आपण होऊन दिलेली ही पहिली वस्तू होती (तीही मुळात तिचीच). तिने ती तोंडात घातली नाही, टेबलावर ठेवली.

"ह्यांच्याबिगार म्या जिती ऱ्हाऊन काय करू? हिलाच धरा जिती."

नूतनबाईंना हा तोडगा नियमात बसणारा वाटला. कवळी हयात ठरली. सोनबा आणि धोंडाबाई यांची नोंद 'कवळीवर अवलंबून असलेली दोन माणसं' अशी झाली. दरवर्षी कवळीने समक्ष हजर राहायचं आहे. सोबत एका माणसाला परवानगी आहे.

हे वाचून आपल्याला हसू आलं असेल, तर काही हरकत नाही. हसताना आपले दात दिसले आणि नोंद झाली. ते आपलेच आहेत हे सिद्ध करायला कोणत्याही कामाच्या दिवशी वेल्ह्याला यावं. आपल्याला सवड नसेल, तर नुसते दात पाठवून दिलेत तरी चालेल.