अनुभवी गुरुजी पाहिजेत

मुलांनो, डोळे मिटू नका (मिटलेत तर वाचणार कसे?), पण मनाने माझ्याबरोबर चला. कमठाण्याच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेच्या ओसरीवर, अगदी शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसा. बसलात? आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. योग्य माणूस मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवणे हे चांगल्या कारभाराचे लक्षण आहे. इथला कारभार तर इतका चांगला होता, की गुरुजींची जागा तीन वर्षे रिकामी होती.

निजामाचे राज्य गेले, जुने गुरुजी आपल्या गावी गेले, आणि नवे शोधायला कचेरीने हावगेप्पांना नेमले. नेमणूक हंगामी होती, 'गुरुजी मिळेपर्यंत'. हावगेप्पा चार लेकरांचे बाप. इतक्या जबाबदार माणसाने घाई केली नाही, हे सांगायला नकोच.

त्यांनी अटी ठरवल्या. उमेदवाराला मराठी यावी (मुलांसाठी), कन्नड यावी (मुलांच्या आज्यांसाठी), उर्दू यावी (जुन्या फायलींसाठी). शिवाय याच शाळेत शिकवल्याचा मागच्या तीन वर्षांचा अनुभव असावा. शाळेला तीन वर्षे गुरुजीच नव्हते, ही उमेदवारांची अडचण. त्याला हावगेप्पा काय करणार?

एकेचाळीस जण आले. तेहतीस अनुभवात गळाले. सात जणांनी "अनुभव कुठून आणू?" असे उलट विचारले, ते उद्धट ठरले. उरले खजुरी गावचे धुळाप्पा. ते म्हणाले, "पगार नको, आधी तीन वरसं शिकवतो, मग अनुभव धरा." इतका गुणी माणूस इथे टिकायचा नाही, म्हणून हावगेप्पांनी त्यांना काळजीपोटी परत पाठवले.

मग वरून कागद आला : शुक्रवारपर्यंत गुरुजी न मिळाल्यास शाळा कायमची बंद करावी.

हावगेप्पांना घाम फुटला. गुरुजी मिळाले तर नोकरी गेली. न मिळाले तरी गेली.

शुक्रवारी ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले. पुढे आली गावातल्या निलम्माची लेक चंद्रम्मा, वय वर्षे अकरा.

"अप्पा, अर्ज आणलाय."

"कुणाचा गं?"

"माझाच. मराठी येतंय, कन्नड घरी बोलतोत, उर्दू जुन्या गुरुजींनी शिकवलंय. आन् ते गेल्यापासून हितंच बारक्यांना शिकवायलेय. तीन वरसं झाली की."

"तुला कुणी सांगितलं शिकवायला?"

"कुणीच न्हाई. तुमचं माणूस बघणं संपंना, अन् लेकरं तर मोठी व्हायलीत."

हावगेप्पांनी बोटांवर काहीतरी मोजले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी सुंदर अक्षरात लिहिले : 'सर्व अटींत बसणारा उमेदवार मिळाला. वय अकरा. अठरा पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सात वर्षे, शाळा व भरतीचे काम चालू ठेवावे.'

शाळा वाचली. नोकरी वाचली. गुरुजी तेवढे मिळायचे राहिले.

शेवटच्या ओळीत कुणीतरी खुदकन हसले.

चंद्रम्माने मान वळवली. बारक्यांच्या ओळी ओलांडत ती थेट भिंतीपाशी आली.

"तुला वाचता येतंय की. हितवर वाचत आलास. मग नुसतं बसून हसायलास कामून? सात वरीस मी एकटीनंच शिकवू व्हय?"

आणि तिने एका शेंबड्या पोराला उचलून तुमच्या पुढ्यात बसवले, अन् आपल्या हातातला खडू तुमच्या हातात दिला.