वरीलप्रमाणे सहमत

आमच्या वजनमापे तपासणी कार्यालयात मुख्यालयाकडून आलेला प्रत्येक कागद सर्व कर्मचाऱ्यांच्या अभिप्रायासाठी फिरवला जातो. कागदाला एक तक्ता जोडलेला असतो. त्यात तीन रकाने: नाव, वाचल्याची तारीख, अभिप्राय. कागद दाराजवळच्या टेबलापासून निघतो आणि खिडकीजवळच्या टेबलावर संपतो. दाराजवळचं टेबल माझं आहे. पुढं जे काही घडलं त्याला माझी बुद्धी नव्हे, तर टेबलाची जागा कारणीभूत आहे, हे सुरुवातीलाच नम्रपणे नमूद करतो.

पहिला अभिप्राय माझा. माझ्यानंतरचे दहा जण "वरीलप्रमाणे सहमत" लिहून माझी री ओढतात. त्यामुळं गेली अकरा वर्षं मी जे म्हणतो तेच कार्यालय म्हणतं. मी मात्र दोनच गोष्टी म्हणतो. विषय यंत्राचा असेल तर "काळाची गरज" आणि विषय समजलाच नाही तर "स्वागतार्ह, मात्र सावधगिरी आवश्यक". दुसरा अभिप्राय जास्त खोल समजला जातो.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत कार्यालयात माझा शब्द शेवटचा. सहकारी मला अपडेटराव म्हणतात आणि मी ते मनावर घेतो. सकाळी दात घासताना मी जगभरातल्या तंत्रज्ञानाच्या बातम्यांचे मथळे वाचून काढतो. मथळ्याखाली बातमीही असते, असं ऐकून आहे. त्या बळावर दुपारच्या चहापर्यंत मी कृत्रिम बुद्धिमत्ता, चिपांचा तुटवडा आणि तरुण पिढीची घसरलेली एकाग्रता यांवर अकलेचे तारे तोडत असतो. क्वांटम संगणकावर मी सलग पाच मिनिटं बोलू शकतो. सहाव्या मिनिटाला मला कुणाचा तरी फोन येतो.

खिडकीजवळच्या टेबलावर वाचनताई बसतात. हे टोपणनाव आम्हीच त्यांना दिलं, कारण त्या कागद वाचतात. सगळा वाचतात. तक्त्यातला "वाचल्याची तारीख" हा रकाना संपूर्ण कार्यालयात त्या एकट्याच भरतात. बाकीचे त्यात टिंब देतात. त्यांच्याकडं गेलेला कागद दोन दिवस हलत नाही आणि येतो तो दीड पानाचा अभिप्राय घेऊन. पण तोवर अकरा जणांचं एकमत झालेलं असल्यानं साहेबांनी उत्तर पाठवूनही दिलेलं असतं. एकदाच त्यांचं ऐकलं गेलं. प्रसूतिगृहातल्या तान्ह्या बाळांच्या काट्यांसाठी आलेल्या प्रमाणपत्रात दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. आम्ही अकरा जणांनी ते स्वागतार्ह ठरवलं होतं.

तर एका सोमवारी "स्वयंअभिप्राय प्रणाली" या विषयाची एकशे बारा पानांची फाइल आली. मी शीर्षक वाचलं, ऊर भरून आला आणि चहा निवायच्या आत लिहून टाकलं: "काळाची गरज. विनाविलंब अंमलबजावणी व्हावी." फाइल पुढं गेली. बुधवारी वाचनताई स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या.

"अहो, तुम्ही पान एकोणचाळीस बघितलंत का?"

"डोळ्यांखालून घातलं ना," मी म्हणालो.

"मग त्यात लिहिलंय ते तुम्हाला चालतंय? ज्याला फाइलीवर जास्त वेळ लागेल त्याला यंत्र 'अडथळा' धरणार. आणि अडथळ्याची बदली."

मी खुर्चीत मागं रेललो आणि त्यांना समजावून सांगितलं की नव्या यंत्राला विरोध हा नेहमीच होतो, विजेलाही झाला होता, आणि यंत्र माणसाची नोकरी घेत नाही, बदलायला तयार नसलेल्या माणसाची घेते. हे शेवटचं वाक्य त्याच आठवड्यातल्या एका मथळ्यातलं होतं.

"मी कुठं विरोध करतेय हो," त्या म्हणाल्या. "मी नुसतं वाचतेय."

प्रणाली महिन्याभरात आली. पहिले तीन महिने ती काहीच बोलली नाही. नुसती आमच्याकडं बघत राहिली. कोण कुठली फाइल किती वेळ उघडी ठेवतं, काय टाइप करतं, कुठं थांबतं, सगळं टिपून घेतलं. जुन्या तक्त्यांमधले माझे चार हजार दोनशे सोळा अभिप्राय तिला शिकवण्यासाठी भरण्यात आले. मग एका सकाळी पडद्यावर सूचना झळकली: "या कार्यालयाची अभिप्रायशैली आत्मसात झाली आहे. संदर्भ अधिकारी: दाराजवळचे टेबल. एका फाइलीस सरासरी वेळ: चौदा सेकंद."

साहेबांनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की देशोदेशीचे शास्त्रज्ञ यंत्राला माणसासारखा विचार करायला शिकवताना थकले, आणि इथं यंत्र हुबेहूब माझ्यासारखा विचार करू लागलंय.

"म्हणजे तुमच्यासारखा आणखी एक?" ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

चौथ्या महिन्यात वाचनताईंच्या बदलीचा आदेश निघाला. एका फाइलीस सरासरी वेळ: दोन दिवस तीन तास. वर्गवारी: अडथळा. नवं ठिकाण नऊ तासांच्या प्रवासावरचं एक गोदाम. तिथं बाद झालेले तराजू ठेवतात आणि वाचण्यासारखं काहीही नाही. रुजू होण्यास मुदत पंधरा दिवस.

ताईंनी आदेश दोनदा वाचला आणि माझ्याकडं आल्या. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं.

"आदेशाच्या मागच्या बाजूला लिहिलंय, संदर्भ अधिकाऱ्यानं प्रणालीच्या मूळ फाइलीवर प्रतिकूल अभिप्राय नोंदवला तर बदली रद्द होते. तेवढा एक अभिप्राय द्याल का? पण वाचून द्या हं."

"देतो की. त्यात काय!"

"माझी निवृत्ती दीड वर्षावर आहे. माझं काही नाही, मी कुठंही बसेन. पण घरी आई आहे. तिला दिसत नाही. संध्याकाळी मी तिला अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवते, जाहिरातींसकट. तेवढ्यावर तिचा दिवस निघतो. ती घर सोडून येणार नाही, आणि मी तरी तिला गोदामात कुठं नेऊ?"

मला लाज वाटली. लाज वाटल्याचं मी कुणाला दाखवलं नाही, पण वाटली. मी एकशे बारा पानांची फाइल उघडली आणि वाचायला बसलो.

वाचनाची सवय नसलेल्यानं एकदम एकशे बारा पानं वाचू नयेत. पहिल्या दिवशी दर दोन ओळींनंतर माझा अंगठा आपोआप पुढची बातमी वर सरकवायला जाई. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? तिसऱ्या दिवशी साहेबांनी पाण्याचा ग्लास पाठवला. पण मी वाचली. पान एकोणचाळीस ताईंनी सांगितलं तसंच होतं. पान सत्तर त्याहून भयंकर होतं. खाली अकरा सह्या होत्या आणि पहिली माझी होती. मी मन लावून दोन पानांचा प्रतिकूल अभिप्राय लिहिला. इतकं चांगलं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. बटण दाबलं.

पडद्यावर लाल चौकट आली: "फाइल उघडी असल्याचा कालावधी: सव्वीस तास. हा अभिप्राय संदर्भ अधिकाऱ्याचा वाटत नाही. कुणीतरी त्यांचं खातं वापरत असावं. सुरक्षेसाठी खातं गोठवण्यात येत आहे."

मी साहेबांकडं धावलो.

"साहेब, तो मीच होतो!"

"मग वाचलंत कशाला?" साहेब वैतागून म्हणाले. "चांगलं चाललं होतं तुमचं."

"ताईंच्या बदलीचा प्रश्न होता."

"अहो, प्रश्न असला म्हणून काय झालं? यंत्र तुम्हाला कशावरून ओळखतं? तुमच्या पद्धतीवरून. तुम्ही तुमच्यासारखं वागलाच नाहीत तर त्या बिचाऱ्यानं काय करायचं?"

खातं उघडून घेण्यात आठवडा गेला. ओळख पटवण्यासाठी मला दहा फाइली न वाचता निकाली काढून दाखवाव्या लागल्या. ते मला फार सोपं गेलं, एवढंच इथं सांगतो.

आता प्रतिकूल अभिप्राय नोंदवायचा तर तो चौदा सेकंदांत नोंदवायला हवा होता. चौदा सेकंदांत दोन पानं बसत नाहीत. मी एकच शब्द ठरवला: "प्रतिकूल". घरी घड्याळ लावून सराव केला. बायको सेकंद मोजत होती. दुसऱ्या दिवशी ताई माझ्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या, मी फाइल उघडली, शब्द टाइप केला आणि नवव्या सेकंदाला बटण दाबलं. चौकट या वेळी हिरवी होती: "धन्यवाद. आपल्या नेहमीच्या सवयीनुसार शब्द दुरुस्त केला आहे. नोंदवलेला अभिप्राय: काळाची गरज."

 खिडकीजवळ जाऊन ताईंनी पुन्हा आदेश काढला. मुदतीचे चार दिवस उरले होते. मी त्यांच्या जागी असतो तर आदेशाचे तुकडे केले असते. त्या तो तिसऱ्यांदा वाचत होत्या.

"इथं शेवटी बारीक अक्षरात आहे बघा," त्या म्हणाल्या. "आदेश जाहीर करून तीन दिवसांत पाचशे नागरिकांनी मत नोंदवलं, तर जनमत ग्राह्य धरतात."

मला हुरूप आला. जनमत हा तर माझा प्रांत! समाजमाध्यमांवर मला साडेसहा हजार माणसं ओळखतात. त्यांतली बरीचशी मला माहीत नाहीत, पण तो प्रश्न वेगळा. मी आदेशाचा फोटो टाकला आणि त्याखाली सगळी हकिगत लिहिली. पान एकोणचाळीस, पान सत्तर, तान्ह्या बाळांचे काटे, न दिसणारी आई, माझी स्वतःची चूक, काही लपवलं नाही. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. मजकूर लांबल्यानं माध्यमानं पहिलंच वाक्य दाखवून उरलेलं घडी घालून ठेवलं. पहिलं वाक्य असं होतं: "आमच्या कार्यालयातल्या ताईंची बदली झाली आहे."

पाच मिनिटांत दोनशे अंगठे आले. तासाभरात हजार. मी ताईंना हाक मारली आणि आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो.

"अभिनंदन ताई!"

"नव्या वाटचालीस खूप खूप शुभेच्छा."

"योग्य व्यक्तीची योग्य ठिकाणी निवड."

"काळाची गरज."

"वरीलप्रमाणे."

मी जिवाच्या आकांतानं खाली लिहीत सुटलो: कृपया पूर्ण वाचा, पूर्ण वाचा. त्यालाही नव्वद अंगठे आले. कुणी फुलांचे गुच्छ पाठवले, कुणी टाळ्या वाजवणारे हात. एका मोठ्या माणसानं "प्रेरणादायी" असं लिहिलं आणि मग ती गोष्ट माझ्या हातात राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी प्रणालीनं मोजणी केली. एकूण मतं चार हजार तीनशे बारा. अनुकूल चार हजार तीनशे नऊ. प्रतिकूल तीन. त्यांतलं एक ताईंचं, ते हितसंबंधी म्हणून बाद. एक माझं, ते माझ्यासारखं नाही म्हणून बाद. तिसरा एक गाद्या विकणारा होता, त्याला आदेशाशी काही देणंघेणं नव्हतं. निकालपत्रात लिहिलं होतं की ही बदली आता लोकाग्रहास्तव करण्यात येत असून ती रद्द करता येणार नाही.

निरोपसमारंभात साहेबांनी भाषण केलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ताईंच्या आईसाठी एक बोलकं यंत्र भेट दिलं. वस्तू माझ्याच सल्ल्यानं निवडली होती. ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवतं. ताई गेल्यावर चौथ्या दिवशी चौकशीला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. आई दाराकडं तोंड करून बसल्या होत्या. यंत्र एक मथळा वाचे, आई विचारत, "बरं, मग पुढं?" आणि यंत्र पुढचा मथळा वाचे. मी यंत्र बंद केलं, खुर्ची ओढली आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मला दीड तास लागला. आई म्हणाल्या की माझे उच्चार जरा कच्चे आहेत, पण चालेल.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जातो. ही सवय एकदा लागली की माणूस काहीही वाचत सुटतो. गेल्या रविवारी मी त्या चार हजार तीनशे नऊ अंगठेवाल्यांची यादी वाचायला घेतली, एकेक नाव, शेवटपर्यंत. तुमचं नाव दुसऱ्या हजारात सापडलं. आठवत नाही म्हणता? मलाही कधी आठवायचं नाही. तुम्ही नुसता अंगठा दिला नाहीत, ताईंना प्रवासाच्या शुभेच्छाही दिल्यात. त्या मी त्यांना कळवल्या आहेत.