खळ्यावरची टिटवी

टिटवीने अंडी कुठे घातली आहेत ते वाघोलीस जाऊन पाहून यावे, असा कचेरीतून हुकूम आला, तेव्हा दिगंबरपंत कपाळाला हात लावून बसले. ऐन वैशाखातलं ऊन, आणि कारकुनाने पक्ष्यामागे हिंडायचं. पण हुकमाला कारण होतं. टिटवीची अंडी उंचावर असली तर पाऊस दणकून आणि ओढ्याच्या पात्रात असली तर पाऊस ओढ देणार, असं जाणती माणसं सांगत. पंतांच्या सरदारांकडे ज्येष्ठात मुलीचं लग्न होतं. मांडव नदीकाठी घालायचा की वर पर्वतीच्या अंगाला, हे आता टिटवीवर येऊन ठेपलं होतं.

पंतांची बायको मंदाकिनी हिच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. वाघोली तिचं माहेर, वडील गावचे कुलकर्णी. बाळंतपणाहून परत आल्यापासून तिला सलग झोप ठाऊक नव्हती. तान्ही कुसुम रात्रभर रडायची आणि पहाटे ती निजली की हिची जात्यावर बसायची वेळ व्हायची.

"तिकडे इकडच्या जेवणाचे हाल होतील हो," ती पोळी लाटता लाटता सासूबाईंना म्हणाली.

"सासुरवाडीत जावयाचे हाल होतात, हे आजच ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "माहेरी जायचंय म्हण की सरळ. जा. पण अंडी सापडली की त्याच पावली परत यायचं."

अंडी दुसऱ्याच सकाळी सापडली. पंतांना नव्हे, मंदाकिनीला. घरामागच्या खळ्याशी, बाभळीला झोळी बांधून ती कुसुमला झोके देत होती. मळणी केव्हाच संपल्यामुळे खळं ओस होतं. एवढ्यात कडेच्या खड्यांमधला एक खडा उठून उभा राहिला. ती टिटवी होती, आणि तिच्या पायांशी चार ठिपकेदार अंडी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. टिटवीच्या डोळ्यांवरही रात्रीचं जागरण दिसत होतं.

"तू ओरडू नकोस बाई," मंदाकिनी हळूच म्हणाली. "मीही कुणाला सांगत नाही."

मग तिचे सुखाचे दिवस सुरू झाले. कुसुमला आजी तेल लावायची, पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. मंदाकिनी ऊन ऊन भात-तूप खाऊन दुपारची आडवी व्हायची, ती तिन्हीसांजेला उठायची.

पंत बिचारे पागोट्याखाली ओला पंचा ठेवून रोज हिंडत. ओढा, बांध आणि माळ पाहावा, असं हुकमात होतं. खळ्याचं नाव नव्हतं. त्यामुळे पंत खळ्यावरूनच ओढ्याकडे जात, आणि टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालून आकांत करी.

"काय कर्कश पाखरू आहे," पंत कुरकुरत. "सरकारी कामात नुसता व्यत्यय."

"पंत, त्येच टिटवी हाय न्हवं," सोबतीचा गडी गेनबा म्हणाला.

"असेल. आम्हाला अंडी पाहायला पाठवलंय. टिटवी पाहायला नव्हे."

अंड्यांची खबर जाईना, तेव्हा पंत नीट बघतात की नाही हे बघायला कचेरीने श्यामराव कारकुनाला धाडलं. श्यामरावांनाही काही दिसेना, म्हणून दोघांवर एक जोशीबुवा आले. बुवांनी उन्हात पायी फिरू नये म्हणून घोडं आलं आणि घोड्याची निगा राखायला दोन मोतद्दार आले. सगळ्यांचा मुक्काम अर्थात कुलकर्ण्यांकडे. जावयाच्या पंगतीला बसणाऱ्याला भाकरी-पिठलं कसं वाढणार? रोज पुरण शिजू लागलं. जोशीबुवांना वर आंब्याचा रस लागे, आणि तोही गाळलेला.

आता मायलेकी पहाटेपासून चुलीपुढे. कुसुमला तेल लावायला कुणाला सवड नव्हती. ती झोळीत रडायची, आणि मंदाकिनी पाट्यावर पुरण वाटता वाटता पायाने झोळी हलवायची. सासरी निदान पुरण रोज नसतं, असं एकदा तिच्या मनात आलं आणि तिची तीच दचकली.

वैशाख सरला, तशी एका सकाळी तिने पाटा सोडला. "अहो, जरा खळ्यावर बघावं इकडून."

सगळी मंडळी खळ्यावर गेली. खड्यांत नुसता खळगा होता. पुढे काटकुळ्या पायांवर चार कापसाचे बोळे आईमागे पळत होते.

"अंडी कुठायत?" श्यामरावांनी विचारलं.

"ती काय चाललीत," मंदाकिनी म्हणाली.

"तुला केव्हा कळलं?" पंतांनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"हे आत्ताच. पिल्लं दिसली, म्हणजे अंडी असणारच ना कधीतरी."

जोशीबुवांनी डोळे मिटून विचार केला. "शास्त्र अंड्यांचं आहे. पिल्लांचं नाही. पिल्लू सकाळी बांधावर, दुपारी ओढ्यात. तेवढ्यात पूरही आणि दुष्काळही यायचा. टिटवी पुन्हा अंडी घालेल, तोवर थांबणं आलं. आज रस आहे ना?"

स्वयंपाकघरात आईने पुरणाचं पातेलं चुलीवरून उतरवलं. मग पुरणाकडे बघतच म्हणाली, "मंदे, जावई घरात आहेत तोवर ही जावयाची माणसं. जावई गेले की ती सरकारची. सरकारची माणसं पाटलाच्या चावडीवर उतरतात."

"म्हणजे मी जाऊ?"

"मी बरी म्हणेन. कुठली आई म्हणेल असं?" आई म्हणाली, आणि तिच्या लुगड्यांच्या घड्या घालू लागली.

"मला सासरी पोचवावं," मंदाकिनीने पंतांना सांगितलं. "सासूबाईंची फार आठवण येते."

पंतांनी पागोटं काढून खाली ठेवलं. "हे आईला सांगितलं, तर तिला खरं वाटायचं नाही." पण आता ऊन त्यांनाही सोसत नव्हतं. खळं उंचही नाही आणि सखलही नाही, तेव्हा मांडव मधल्या जागी घालावा, असं कचेरीत सांगायचं त्यांनी ठरवून टाकलं. श्यामरावांना ते फारच पटलं.

छकडा जुंपला, तसा गेनबा बुवांचं गाठोडं घेऊन चावडीकडे निघाला.

"चावडीवर पुरण असतं का रे?" बुवांनी विचारलं.

"भाकर असती, बुवा. आन ठेचा."

आईने लेकीची ओटी भरली. कुसुमचा मुका घेताना तिचे डोळे भरून आले. छकडा हलल्यावरही ती चाकाच्या बाजूने चालत राहिली, आणि वेशीपाशी लेकीच्या कानाशी लागून म्हणाली, "दिवाळीला ये हो मंदे. कुसुमला घेऊन एकटीच ये."