मोहनरावांचं लाल पेन

टाकळगव्हाणच्या आरोग्य केंद्रात औषधांची मागणी ऑनलाइन भरायची ती पहिलीच वेळ होती. फार्मासिस्ट उत्तरेश्वर यांचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता.

"खरजेच्या मलमाच्या ट्यूबा किती लिहू?" कंप्युटरवर बसलेल्या नर्स शिवकन्याने विचारलं.

"पाच हजार."

"लागतात तर पाचशे!"

"बाई, तालुक्याला मोहनराव बसल्यात. त्यांचं लाल पेन एक शून्य खाल्ल्याबिगर ऱ्हात न्हाई."

हे खरंच होतं. पंचवीस वर्षं उत्तरेश्वर दहापट मागत आले होते आणि तालुक्याचे स्टोअरकीपर मोहनराव शेवटचं शून्य खोडत आले होते. दोघंही मनातल्या मनात एकमेकांना शिव्या घालत, पण औषध लागेल तेवढंच येई. नव्या पोर्टलवरून मागणी मोहनरावांकडे न जाता थेट पुरवठादाराकडे जाते, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. नेमके तेव्हाच उत्तरेश्वर जेवणाच्या रांगेत पहिला नंबर धरायला गेले होते.

आठव्या दिवशी ट्रक आला. खोकी औषधांच्या खोलीत मावेनात, व्हरांड्यात मावेनात. उरलेली डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमच्या खुर्चीमागे रचावी लागली. मॅडमनी एक ट्यूब उलटी करून पाहिली.

"चार महिन्यांत मुदत संपतेय. वाया गेल्या तर नोटीस तुमच्या नावाने."

उत्तरेश्वरांच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. त्यांना बसवेना, उभं राहवेना. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या दगडाबाईंच्या पिशवीत त्यांनी सहा ट्यूबा कोंबल्या.

"अरं, मला खोकला हाय, खाज न्हाई!"

"असू द्या मावशी. घरात कुणाला तरी सुटंलच."

पण अशाने ढीग हलेना. तेवढ्यात दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. उत्तरेश्वर रस्त्यावर आडवे उभे राहिले. मुकादम बजरंगच्या ट्रॅक्टरमध्ये त्यांनी आठ खोकी चढवली.

"कावून ओ साहेब एवढं? ऊस तोडायचाय का नुसतं अंग चोळत बसायचंय?"

"तिकडं पाचटाच्या कोपीत लेकरांना लई खाज सुटती. न्या बाबा, उपकार होतील!"

बाराव्या ट्रॅक्टरबरोबर शेवटचं खोकं गेलं. उत्तरेश्वरांनी पोर्टलवर 'शिल्लक शून्य' भरलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर संदेश आला. 'आपल्या केंद्रातील वापर लक्षात घेऊन खरजेच्या मलमाच्या दहा हजार ट्यूबा आपोआप मंजूर करण्यात आल्या आहेत. साठा आजच रवाना.'

गावात आता मोजकी म्हातारी माणसं आणि त्यांची कुत्री उरली होती. उत्तरेश्वरांनी तालुक्याला फोन लावला.

"मोहनराव, तुमच्या पाया पडतो. एक शून्य खोडा. न्हाई न्हाई, दोन खोडा!"

पलीकडून मोहनरावांचा पडलेला आवाज आला.

"उत्तरेश्वरा, लाल पेन आजबी खिशातच हाय बे. पण माझ्याकडं कागदच येत न्हाई."