वानरपळव

बागेतली वानरं वाद्य वाजवून पळवायची, असं मनस्विनीने ठरवलं. आणि ते वाद्य वाजवणार होता वारा. (फिजिक्स उगाच नव्हतं घेतलं तिने.) पाण्याच्या लाइनीतले उरलेले पाच पाइप तिने कमीजास्त लांबीचे कापले, फळीला बांधले आणि गुपचूप वरच्या आंब्याच्या कलमावर टांगले. नाव ठेवलं ‘वानरपळव’. (म्हाताऱ्या माणसांना आधी सांगितलं की ती सल्ले देतात.)

दुपारी समुद्रावरचा वारा सुटला आणि बागेत कुणीतरी कण्हलं. आधी बारीक, मग पार पोटातून. पडवीत बसलेल्या मनस्विनीच्याच अंगावर काटा आला. गडी तर आंबे उतरवायच्या घळी टाकून केव्हाच अंगणात पोचले होते.

“वयनी, आमी नाय जायाचे आता,” गड्यांतला महिपत म्हणाला. “कोन तरी रडतंय तिकडं.”

“बागेच्या राखणदाराचा नारळ राहिलाय यंदा,” सासरे, हरिहरपंत, हळूच म्हणाले. “काढणीआधी देतो ना आपण दरवर्षी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबा न्यायला टेम्पो यायचा होता आणि निम्मा आंबा अजून झाडावर होता.

“अहो बाबा, पाइप आहे तो!” मनस्विनी कडाडली. “मी बांधलाय. काढून आणते, मग तरी जातील ना हे?”

“जपून गो. गडग्याजवळ राखणदाराच्या दगडाला हात जोड.”

“पाइपला जोडू की दगडाला?”

तिने झाडावरून फळी उतरवली, पाचही पाइपांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबले आणि ती दोरीने पाठीला अडकवली. बाग एकदम गप्प झाली. इतकी गप्प, की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. कुंपणाच्या गडग्याजवळचा शेंदूर लावलेला दगड आला. तिने हात जोडले नाहीत. (तत्त्व म्हणजे तत्त्व.)

आणि मानेमागे कुणीतरी कण्हलं.

ती थांबली. ते थांबलं.

“वारा आहे,” ती मोठ्याने म्हणाली. पण पाइप तर तिनेच बुजवले होते! मग हे कोण? ती चालू लागली, ते गुणगुणलं. तिने पाय उचलला, ते रडू लागलं. ती धावली, तर त्याने गळाच काढला. एक चप्पल जांभ्यावर राहिली, ओढणी करवंदीत.

“देते! नारळ देते! पाच देते!” किंचाळत ती अंगणात शिरली आणि थेट हरिहरपंतांच्या पाठीमागे लपली.

हरिहरपंतांनी चष्मा चढवला, तिला वळसा घातला आणि पाठीवरची फळी न्याहाळली. चार पाइपांत बोळे होते. पाचव्यातला वाटेत कुठेतरी पडला होता. त्यांनी त्या तोंडात फुंकर मारली.

तोच आवाज.

महिपत आधी टोपीत तोंड लपवून हसला, मग उघड हसला. सगळे गडी हसतहसत घळी उचलून बागेत गेले.

“पाच नकोत, एकच पुरे,” हरिहरपंत म्हणाले. “कबूल केलायस मात्र.”

तेवढ्यात बागेतून महिपतची हाक आली, “वयनी, वानरं हतंच हायत! तुमची फळी होती त्याच फांदीवर बसून आंबा खातायत!”

हरिहरपंतांनी शांतपणे विचारलं, “मग आज बागेतून पळालं कोण गो?”

मनस्विनी नारळ सोलायला बसली.