शेवंतामामींचा जर्मनवाला

खुटबावात शेवंतामामींच्या दारात भांडण किंवा अडचण नेली, की निकाल जर्मनीतून येतो.

मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो त्याच आठवड्यात हे पाहिलं. शेजारच्या तानाजीने उसाने भरलेली ट्रॉली ओल्या वाटेवर घातली आणि ती मामींच्या बांधालगत रुतली. मामी गोठ्यातून आल्या, पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "जर्मनवाल्यानं रशियात हेच केलं. म्होरं चिखल दिसत हुता, पन वरनं हुकूम आला आन् घातलं रणगाडं. उतर खाली. आदी मोळ्या काढ."

तानाजीने निमूट मोळ्या काढल्या. मी उभाच राहिलो. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. आणि इथे सत्तरीची, शाळेचं तोंड न पाहिलेली, मेंढरांमागे वाढलेली बाई दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापतीचा दाखला देत होती.

पुढे सगळी कारकीर्द कळली, तीही तुकड्यातुकड्यांनी. जर्मनवाला मास्तराचा मुलगा. पहिल्या महायुद्धात पायात गोळी घेऊन परत आलेला. मग रणगाड्यांचं काम शिकला, फ्रान्सात सगळ्यांच्या पुढे धावला आणि जनरल झाला. इथे मामी नेहमी थांबत. "तिथंच गडी बिघडला. बढती मिळाली आन् इचारायचं सोडलं. कामाला चोख, पन चाकरी कुणाची करतोय ते बघितलं न्हाई." हिटलरचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. तो त्यांच्या लेखी नुसता 'मालक'.

घरातही युद्धच चालू असे. गॅस संपला की "रसद तुटली." न सांगता पाहुणे आले की "येढा पडला." तानाजीची नवी सून सासूवर रुसून मामींकडे आली, तर तिला चहा देऊन म्हणाल्या, "दोन आघाड्या एकदम उघडू नगंस. आदी नवऱ्याला आपल्या बाजूला घे."

हे सगळं आलं मामांकडून. मामा फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर दौंडच्या रद्दीच्या दुकानात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. इंग्रजी बेताचंच. रोज संध्याकाळी मामी धार काढायला बसल्या की मामा बाजेवर बसून जमेल तेवढं वाचायचे आणि मराठीत सांगायचे. अवघड शब्द आला की पुढची ओळ. असं कितीतरी वर्षं चाललं. जर्मनवाला रशियात एका नदीपलीकडे बर्फात अडकला, मागे एक पाऊल घ्यायचं नाही असा मालकाचा हुकूम आला, आणि त्याच आठवड्यात मामा झोपेतच गेले. ते पुस्तक नंतर कुणीतरी वाचायला म्हणून नेलं, आणि परत आलं नाही.

मी आपल्या हौसेने पुढचं शोधून काढलं. सांगायला गेलो तर मामींनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, सर. ह्यांनी सांगितलं तेवढंच माझं."

नंतर मी कधी विषय काढला नाही.

यंदा माझी शिरूरला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी पुस्तकं खोक्यात भरत होतो, तेव्हा गोठ्यातून हाक आली. मामी धारेला बसल्या होत्या. बाजेकडे मानेने खूण करून म्हणाल्या, "बसा. तुमी गेल्यावर मला कोन सांगनार? त्याचं म्होरं काय झालं?"

मी बसलो. थोडं गोड करून सांगावं असं मनात येऊन गेलं, पण मामींना ते लगेच कळलं असतं.

"त्याने हुकूम पाळला," मी म्हणालो. "नदी ओलांडून मागे यायला वाट होती, तेव्हा तो हलला नाही. नंतर वाटच उरली नाही. शेवटी शरण गेला. बरीच वर्षं रशियात कैदेत होता. म्हातारा होऊन घरी आला, आणि सगळी चूक मालकाची होती असं सांगत राहिला."

"आन् त्याच्या हाताखालची पोरं?"

"फार थोडी परतली, मामी."

धारेचा आवाज थांबला. म्हैस मान वळवून बघू लागली.

"आमचे हे बी बर्फात अडकले हुते," मामी म्हणाल्या. "वर डोंगरात. गाडीत पोरं हुती, दोगं आजारी. सायबाचा हुकूम, गाडी हितंच ठेवा. ह्यांनी रातीत गाडी खाली आनली. पोरं वाचली. ह्यांची बढती गेली, ती गेलीच. घरी आले तवा मला म्हनले, शेवंता, तुझ्या नशिबी ड्रायव्हरच हाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? जेवाया वाढलं."

इतक्या दिवसांत त्या पुस्तकापलीकडे मामांविषयी त्यांनी मला काही सांगितल्याचं आठवत नव्हतं. त्या संध्याकाळी त्या सांगत राहिल्या. मामांना थंडी अजिबात सोसायची नाही, चैतातही कानाला मफलर असायचा. मेंढरांना भ्यायचे, धनगराच्या घरी जन्मून. गाडी चालवताना गाणं म्हणायचे, पण मामी शेजारी बसल्या की गप्प.

"लाजायचे," मामी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

दूध थंड झालं. मी खोकी भरायला उठलो नाही.